हाताचं मीठ

आमच्या वाडीत भाद्रपद ओळखायला पंचांग लागत नाही. अमरावती रोडवर ट्रक उभे असतात, त्यांच्या चाकांशी चिखल असतो, आणि त्या चिखलाच्या कडेला भाजीवाल्या बाया आघाडा, दुर्वा, केवडा घेऊन बसायला लागतात. लालबुंद कोहळं चिरून त्याच्या फोडी मांडल्या की समजायचं, महालक्ष्म्या आल्या. पाऊस असा की धड पडत नाही आणि धड जातही नाही. ऊन निघालं तर चटका लावतं. दोरीवरची साडी दोन-दोन दिवस ओली राहते आणि तिला एक कोंदट वास येतो. या वर्षी तो वास आला तेव्हा मी दोरीपाशी जरा जास्तच वेळ उभी राहिले.

मीही एक फोड घेतली. भाजीवाली म्हणाली, "एवढीशीच, काकू? महालक्ष्म्या नाही का तुमच्याकडे?"

"आता धाकट्या जावेकडे बसतात," मी म्हटलं.

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोड जरा मोठी कापून दिली.

महालक्ष्म्या घरातल्या थोरल्याकडे. थोरले गेले की धाकट्याकडे. मागच्या वर्षी यांचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, म्हणून त्या कुठेच बसल्या नाहीत. या वर्षी दीर लकडगंजहून गाडी घेऊन आले आणि मुखवटे, ते बसवायच्या कोठ्या, दागिने, दोघींच्या साड्या घेऊन गेले. हे सगळं ज्यात ठेवलेलं असायचं ती लोखंडी पेटी मात्र माझ्याकडेच राहिली, कारण त्यांच्या घरी ठेवायला जागा नव्हती. मी तिच्यात रजया भरल्या.

आमच्या घरी महालक्ष्म्यांचा स्वयंपाक चाखायचा नसतो. नैवेद्य दाखवेपर्यंत कशालाही जीभ लावायची नाही. सोळा भाज्या, पुरण, आंबील, कढी, सगळं बिनचाखता. मीठ हातानं घालायचं आणि हातावर सोडून द्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा धसका होता. सासूबाई म्हणाल्या, "हाताले सगळं माहीत असते. तू फक्त मधात बोलू नको." त्या बाईचं खरं होतं. रोज ज्यांना वाढतो, त्यांची जीभ हात शिकून घेतो. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता ज्यांना वाढायचं ते कसे होते, ते सांगते. आमचे हे इथल्याच एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगला होते. माल उतरला, माल चढला, पावती फाडली, आणि या सगळ्याच्या मधे विडी. ड्रायव्हर आला की एक, हमाल चहाला बसले की एक, कोणीच आलं नाही तर कोणी आलं नाही म्हणून एक. सकाळी उठल्यावर पोटात अन्नाच्या आधी धूर जायचा. नाश्त्याला पोहे पुढे ठेवले की म्हणायचे, "भूक नाही वं. मंग पाहू." डब्यातली पोळी अर्धी परत यायची. मी चिडायचे. वाटायचं, यांच्या नखऱ्यांना माझ्या माहेरी कोणी विचारलं नसतं.

आणि एक वाक्य तर माझ्या संसाराला जडलंच होतं: "मिळमिळीत लागून राहिलं." वरण मिळमिळीत, भाजी मिळमिळीत, अंबाडीची आंबट भाजीसुद्धा मिळमिळीत. मग मी चिमूटभर मीठ जास्त घालायचे. तिखटाचा चमचा वर. काही दिवस बरे जायचे, की पुन्हा तेच. मी माझ्या मनाची समजूत काढली होती, की दिवसभर गोदामात घाम गळतो, मीठ लागत असेल माणसाला. बायको एकदा कारण शोधायला निघाली की तिला सापडतंच.

घरात आम्ही दोघंच. पोरगी शिकायला पुण्याला गेली ती तिकडचीच झाली. त्यामुळे हे मीठ वाढत होतं ते टोकायला कोणी नव्हतं, आणि माझी जीभही त्यांच्या जिभेच्या मागे मागे निघून गेली. दुसऱ्यांच्या घरी जेवायला गेले की मला वाटायचं, या बाया मीठ उसनं आणून घालतात की काय. पोरगी सुट्टीत आली आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "आई, भाजी खारट झाली." मी म्हटलं, "पुण्याचं गोडगोड खाऊन तुझी जीभच गुळचट झाली, त्याले मी काय करू?" तिचे बाबा खो खो हसले आणि हसता हसता खोकायला लागले. त्याच सुमारास डॉक्टरांनी मला ब्लडप्रेशरची गोळी लावली. तेव्हा मी माझ्या वयाला दोष दिला.

तर मीठ असं वर्षावर्षाला चढत गेलं, आणि एक भाद्रपद आला. पाहुण्यांनी घर भरलं होतं. नणंद कुसुमताई सकाळपासून माझ्यासोबत राबत होती, जाऊ वर्षा पुरण वाटत होती. महालक्ष्म्या त्या वर्षी इतक्या छान दिसत होत्या, हिरव्या आणि जांभळ्या साडीत, की येणारी प्रत्येक बाई उंबऱ्यावरच थबकायची. नैवेद्य दाखवला, दार लोटून घेतलं, दोघी जेवतात तेवढा वेळ सगळे बाहेर चूप बसले. मग पंगत बसली.

पहिला घास झाला आणि पंगत शांत झाली. पंगत अशी शांत झाली की वाढणाऱ्या बाईला आधी बरं वाटतं. मी कढीचं भांडं घेऊन वळले, तर लोक भाताचे ढीग कढीत कालवत होते आणि पाण्याचे गिलास रिकामे होत होते. कोणी मागत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. देवीचा प्रसाद, त्याला नाव ठेवायचं नसतं, म्हणून बिचारे गिळत होते. सोळा भाज्यांमध्ये एकही सुटली नव्हती.

फक्त हे मांडी घालून, आरामात, बोटं चाटत होते. म्हणाले, "आज कढी जमली वं. वाढ अजून."

कुसुमताईने भावाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग हळूच विचारलं, "दादा, तुले खारट नाही लागून राहिलं?"

"कोठी खारट? मस्त तर आहे."

तेव्हा पंगतीतले सगळे यांच्याकडे पाहायला लागले. थट्टा करायची की काय करायचं, ते कोणाला कळेना. मला मात्र एकदम कळलं. इतकी वर्षं मी ज्या जिभेसाठी स्वयंपाक करत होते, ती जीभ तिथे नव्हतीच. मी वाढत होते, आणि पलीकडे कोणी नव्हतं. त्या भरल्या घरात, हातात कढीचं भांडं घेऊन, मला जितकं एकटं वाटलं तितकं आता या रिकाम्या घरातही वाटत नाही. हे लिहिलं खरं, पण ते तितकंसं खरं नाही. आताही वाटतं.

नवरात्रात यांच्या पायाच्या अंगठ्यावर गोदामातली पेटी पडली. जखम काही मोठी नव्हती. पण भरेना. दसरा गेला, कोजागिरी गेली, जखम ओलीच. दातांतूनही रक्त यायचं. आमच्या इथली डॉक्टर तरुण मुलगी आहे, फार गोड बोलते आणि फार कडक वागते. तिने आधी विडीचं विचारलं आणि मग जेवणाचं. मी सगळं सांगितलं, डाळ, भाजी, दूध, हिवाळ्यात संत्री, आवळे. माझ्या बोलण्यात जरा तोरा होताच. नवऱ्याला उपाशी ठेवते असं कोणी म्हणू नये.

ती म्हणाली, "काकू, तुम्ही सगळं देता हो. पण धुरानं रक्ताच्या नळ्या आवळतात, जखमेपर्यंत रक्त पुरेसं पोचतच नाही. संत्र्यात, आवळ्यात जे जीवनसत्त्व असतं ते धुराचं नुकसान भरून काढण्यातच खर्ची पडतं, हिरड्यांच्या, कातडीच्या वाट्याला कमी येतं. हाडांचंही तसंच, दूध पिऊनही ती ठिसूळ होत जातात. भूक धूर मारतो, जिभेची चव मारतो, नाकाचा वास मारतो."

हे खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे माल बरोबर लोड होऊन राहिला, पण रस्त्यात कोणीतरी पोतं फोडून राहिलं."

"हाव, अगदी तसंच," डॉक्टर हसली, "आणि फोडणारे तुम्हीच."

गोदामात अशी पोती येतात. वरून शिवण नीट दिसते, काट्यावर घातलं की वजन कमी भरतं. त्या पोत्यांवरून यांनी आयुष्यभर ड्रायव्हरांशी भांडणं केली होती. मला यांचा राग आला होता आणि कीवही आली होती, आणि दोन्ही एकाच वेळी येतं तेव्हा बाईनं काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही. घरी येईपर्यंत मी रिक्षातून बाहेर पाहत बसले.

तो हिवाळा विडी सोडण्यात गेला. सोडणं म्हणजे काय, ते घरातल्या माणसांना विचारा. चहा ओतला तरी भांडण, नाही ओतला तरी भांडण. खिशात लवंगा, बडीसोप, सुकवलेला आवळा. पण तोंडापेक्षा जास्त त्रास बोटांना होता. दोन बोटं सारखी एकमेकांना शोधत राहायची. मग मी बाजारातून तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या आणि परडीभर त्यांच्यापुढे ओतल्या. म्हटलं, "सोला." गेटपाशी खुर्ची टाकून ते उन्हात शेंगा सोलत बसायचे. त्या हिवाळ्यात आम्ही सोलेभात खाल्ला, सोल्यांची आमटी खाल्ली, सोले-वांगी खाल्ली, आणि उरलेले शेजारीपाजारी वाटले. शेजारीण एकदा म्हणाली, "भाऊजींनी सोल्यांचं दुकान टाकलं का?" मधे एकदा घसरलेही. कपड्याला वास आला. मी दुसऱ्या दिवशी शेंगा दुप्पट आणल्या.

मग एका सकाळी ते बिछान्यात उठून बसले आणि उशी नाकाशी धरून म्हणाले, "घरात हा कशाचा वास येऊन राहिला वं?"

"कशाचा?"

"जळका. आंबट. उशीले आहे, रजईले आहे. पडद्यालेही आहे."

"तुमचाच आहे तो," मी म्हटलं.

त्यांनी उशी खाली ठेवली. मग विचारलं, "हा वास तुले रोज येत होता?"

"रोज."

"मंग बोलली काहून नाही?"

मी म्हटलं, "बोलली नाही? लग्न झालं तेव्हापासून मी दुसरं बोलून काय राहिली?" आणि दोघंही हसलो. त्या दिवशी आम्ही घरातलं झाडून सगळं धुतलं. पडदे, खोळी, स्वेटर. दोरी पुरली नाही तेव्हा गेटवर वाळत घातलं.

आणि संक्रांतीच्या आसपास ते झालं. साधं वरण-भात-लिंबू. त्यांनी पहिला घास घेतला, थांबले, माझ्याकडे पाहिलं, आणि जरा घाबरतच म्हणाले, "मीठ जास्त झालं वं."

मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. मला आयुष्यात कोणी साड्या दिल्या, दागिने दिले, मुलीनं पहिल्या पगारात घड्याळ दिलं. पण त्या वाक्याइतकं मला काहीच मिळालं नाही. हे बाहेरून विचारत होते, "राग आला का? मी असंच म्हटलं." मी डोळे पुसून बाहेर आले आणि म्हटलं, "अजून सांगा. तिखट कसं आहे?"

त्यानंतर मी स्वयंपाक नव्यानं शिकले. चिमूट कमी केली, मग अजून कमी. सुरुवातीला मलाच अळणी लागायचं. हे चव घेऊन सांगायचे, "आता कोथिंबीर लागली," "आज फोडणीत मेथी जळली." चुका काढायचे, आणि मी ऐकत राहायचे. कधी म्हणायचे, "कढी इतकी चांगली असते हे मले माहीतच नव्हतं. तू आधी का अशी करत नव्हती?" मी त्यांना लाटणं दाखवायचे. पुढच्या भाद्रपदात नैवेद्याचं मीठ नेमकं पडलं आणि पंगतीत कढी पुरली नाही.

पण जीभ परत आली, छाती परत आली नाही. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, की सोडल्यानं पुढचं नुकसान थांबतं, झालेलं भरून येत नाही. हळूहळू जिना नको झाला, मग गेट लांब वाटायला लागलं, आणि मग जेवण. हे मला माहीत नव्हतं, की जेवायलाही दम लागतो. चावायचं, गिळायचं, मधे श्वास घ्यायचा. चार घास झाले की ते ताट बाजूला सारायचे, जसं काही डोंगर चढून आले. भूक असायची. चवही यायची. दम नसायचा. पँटच्या पट्ट्याला मी सुरीनं नवी भोकं पाडून दिली. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या, असं डॉक्टर म्हणाली, म्हणून मी दिवसभर वाट्या घेऊन फिरायचे. मऊ भात, दही, अंड्याचा बलक, केळं कुस्करून. आयुष्यभर त्यांना चव नव्हती तेव्हा ते जेवू शकत होते, आणि आता चव होती तर जेवता येत नव्हतं. याचा राग मी कोणावर काढू? विडीवर काढला. ती तर कधीच विझली होती.

शेवटच्या भाद्रपदात त्यांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात होती. त्यांना वास हवा असायचा. पुरण शिजताना ते डोळे मिटून बसले होते. कढीला उकळी आली, मी मीठ घातलं, आणि पळीत थोडी कढी घेऊन वाटीत ओतली. फुंकर घातली. त्यांच्यापुढे धरली.

"काय करून राहिली?" ते दचकले. "नैवेद्य व्हायचा आहे ना."

"चाखा."

"अवं, महालक्ष्म्या..."

"त्या दरवर्षी येतात," मी म्हटलं. "तुम्ही चाखा."

कुसुमताई तिथेच भजी तळत होती. तिनं पाहिलं. नियम तिच्या आईचाच होता. तिनं कढईकडे तोंड फिरवलं आणि उगाचच आच कमी-जास्त करत राहिली. यांनी एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात ठेवला. आधी श्वास, मग चव, मग पुन्हा श्वास. मग म्हणाले, "बरोबर आहे. आता यात काही घालू नको."

देवीचा कोप झाला असेल तर झाला असेल. तुरीला शेंगा लागायच्या आत हे गेले. पण त्या एका घोटाबद्दल मला कधी वाईट वाटलं नाही, आणि वाटणारही नाही.

या वर्षी लकडगंजला वर्षानं माझा हात धरून मला ओट्यापाशी उभं केलं. "ताई, कढी तुम्हीच करा. तुमच्या हातची सगळ्यांना पाहिजे."

"माझा हात चालेल का नैवेद्याले?" मी विचारलं.

"असं काय बोलून राहिल्या?" ती म्हणाली आणि ताकाचं पातेलं पुढे सरकवलं.

मी कढी केली. तिथे गलका होता, पोरं होती, साड्यांचा वास होता. उकळी आली, मी मीठ घातलं. चाखायचा प्रश्नच नव्हता, आणि दारात खुर्चीही नव्हती.

पंगत बसली, आणि पंगत शांत झाली. मी ती शांतता ओळखली. वर्षा पाण्याचा जग घेऊन वाढत फिरायला लागली. कोणी नाव ठेवलं नाही, कोणी ठेवणारही नव्हतं. बायकांच्या पंगतीला बसले तेव्हा मी एक घोट घेतला. ती जुन्या दिवसांतली खारट कढी होती. शेवटी शेवटी शिकलेलं सगळं विसरून हात मागे गेला होता, जिथे तो आयुष्यातली बहुतेक वर्षं राहिला होता तिथे. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की ते गेले.

कुसुमताई माझ्या शेजारी जेवत होती. तिनं भातावर कढी घेतली, खाल्ली, आणि पुन्हा वाटी पुढे केली. हळूच म्हणाली, "वैनी, दादाच्या वेळची झाली." आणि ती सगळी कढी संपवून उठली.

निघताना वर्षानं उरलेल्या कढीचा डबा दिला. तिलाही तो कुठेतरी द्यायचाच असावा. संध्याकाळी वाडीत आले, कुलूप उघडलं. आता घराला कसलाच वास येत नाही, ना धुराचा, ना सोपेचा. थोडा भात टाकला, त्यावर ती कढी घेतली आणि सगळं जेवले. ब्लडप्रेशरची गोळी घेतली. वरून तांब्याभर पाणी प्यायले. रस्त्यावरून एक भरलेला ट्रक गेला आणि ताटातली वाटी थरथरली. मग कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मीच मोठ्यानं म्हटलं, "मीठ जास्त झालं वं."